अर्ल मॅकफर्सन कोण होते, आणि आमच्या पिकअपचं चाक का मोडलं?

घरासमोर उभी असलेली कुठलीही साधी हॅचबॅक घ्या आणि तिचं बॉनेट उघडा. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पत्र्यातून वर आलेले दोन गोल घुमट दिसतील, मधोमध एकेक नट असलेले. नव्या गाड्यांत ते कधीकधी प्लॅस्टिकच्या कव्हरखाली लपलेले असतात, पण असतात. त्या घुमटाखाली स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच नळकांड्यात उभे आहेत. त्याचं नाव मॅकफर्सन स्ट्रट. मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांपर्यंत पुढच्या चाकांना हीच व्यवस्था आहे. म्हणजे आपण रोज या माणसाचं नाव घेऊन फिरतो, फक्त आपल्याला ते माहीत नसतं.

मलाही माहीत नव्हतं. मला हे नाव भेटलं ते काकांच्या पिकअपमुळे, आणि गंमत म्हणजे त्या पिकअपमध्ये मॅकफर्सन स्ट्रट नव्हताच.

झालं असं. काकांची पिकअप बरीच जुनी आहे. ते तिच्यातून नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट नेतात. मागच्या सीझनला मी सोबत होतो. गाडी मार्केटच्या गेटातून आत वळवताना खाडकन आवाज आला आणि पुढचं उजवं चाक आडवंच पडलं. वरची बाजू आत, खालची बाहेर. स्पीड दहाच्या आसपास असेल, त्यामुळे नुकसान झालं ते मडगार्डचं, एका टायरचं आणि काही क्रेटचं. पण पंधरा मिनिटांपूर्वी आम्ही पुणे-नाशिक हायवेला साठच्या वर होतो. काका तासभर काही बोललेच नाहीत.

तुटला होता खालचा बॉल जॉइंट. आणि दीड महिन्यापूर्वीच एका गॅरेजमध्ये आम्ही तो चेक करून घेतला होता! तिथल्या फिटरनं चॅसीखाली जॅक लावला, चाक धरून हलवलं आणि ओके आहे म्हणून सांगितलं. त्यानं आमच्या डोळ्यांदेखत तपासलं होतं, खोटं बोलला नव्हता. मग चुकलं कुठे? त्या रात्री मोबाईलवर हेच शोधत बसलो आणि शोधता शोधता अर्ल स्टील मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरपर्यंत पोचलो.

किंगपिनच्या जमान्यातला मुलगा

मॅकफर्सन यांचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. इलिनॉय विद्यापीठातून १९१५ मध्ये इंजिनिअर होऊन ते डेट्रॉइटला चाल्मर्स या मोटार कंपनीत लागले. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले, युरोपात विमानांच्या इंजिनांवर काम केलं. परत आल्यावर आधी लिबर्टी मोटर कार, मग १९२२ पासून हपमोबिल. या कंपन्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, कारण मंदीच्या आसपास त्या काळातल्या कितीतरी छोट्या कार कंपन्या संपल्या. १९३४ मध्ये मॅकफर्सन जनरल मोटर्समध्ये आले आणि पुढच्याच वर्षी शेवरलेचे मुख्य डिझाइन इंजिनिअर झाले.

तेव्हाच्या गाड्यांचं पुढचं चाक कशावर फिरायचं हे समजून घेऊ, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. पुढच्या चाकाला दोन हालचाली लागतात. स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे वळायचं, आणि खड्डा आला की वर-खाली व्हायचं. जुन्या पद्धतीत वळण्यासाठी एक उभी जाड पिन असायची, तिला किंगपिन म्हणतात. दाराच्या बिजागरीतली पिन डोळ्यांसमोर आणा. वर-खाली होण्यासाठी वेगळे सांधे, वेगळे बुश. प्रत्येक ठिकाणी ग्रीस निपल. ग्रीस मारायला विसरलात की पिन झिजली. प्रकार मजबूत, पण जड, आणि सांभाळायला खटाटोपाचा. भारी ट्रकमध्ये तो आजही दिसतो.

जी गाडी आलीच नाही

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा शेवरलेनं ठरवलं की लोकांना परवडेल अशी हलकी, छोटी गाडी काढायची. प्रोजेक्टचं नाव कॅडेट, आणि मुख्य इंजिनिअर मॅकफर्सन. टार्गेट होतं किंमत हजार डॉलरच्या आत आणि वजन साधारण २,२०० पौंड, म्हणजे एक टनाच्या आसपास. अमेरिकेत तेव्हा ही गाडी अगदीच चिमुकली ठरली असती.

मला मॅकफर्सन यांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे. स्वस्त गाडी म्हटलं की साधारणपणे काय करतात? जुनंच सगळं थोडं पातळ पत्र्यात बसवतात. त्यांनी उलटं केलं. चारही चाकं एकमेकांपासून स्वतंत्र ठेवली, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं हलणार नाही. हे तेव्हा महागड्या गाड्यांतही चारही चाकांना नसायचं. मग ते छोट्या गाडीत कसं बसवायचं? भाग कमी करून. शॉक अॅब्सॉर्बरच उभा खांब म्हणून वापरायचा, स्प्रिंग त्याच्याभोवती घ्यायची, वरचं टोक बॉडीला आणि खालचं टोक एका आर्मला. वरचा आर्म, त्याचे बुश, किंगपिन, सगळं गेलं.

स्ट्रटसारखी कल्पना त्यांच्याआधी कुणालाच सुचली नव्हती असं अजिबात नाही. फियाटच्या ग्विदो फोर्नाका यांचं १९२० च्या दशकातलं पेटंट याच वळणाचं आहे. पण कारखान्यात लाखांनी बनवता येईल इतकं सोपं रूप मॅकफर्सन यांनी दिलं. पुढे त्यांनी आणखी एक युक्ती केली. गाडी वळणावर कलू नये म्हणून जो आडवा अँटी-रोल बार असतो, त्यालाच खालच्या आर्मचा आधार म्हणून वापरलं. एका भागाला दोन कामं!

१९४६ मध्ये कॅडेटचा नमुना धावायला लागला. १९४७ मध्ये कंपनीनं प्रोजेक्टच बंद केला. खर्च टार्गेटमध्ये बसत नव्हता, आणि युद्धानंतर लोक मोठ्या गाड्यांसाठीच रांगा लावून उभे होते, मग छोटीची घाई कशाला? धंद्याच्या बाजूनं तो निर्णय मला समजतो. पण दोन वर्षं खपून उभी केलेली गाडी अशी कपाटात जाते तेव्हा इंजिनिअरला काय वाटत असेल, हे ज्यांचं कॉलेजचं प्रोजेक्ट एकदा तरी नाकारलं गेलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी मॅकफर्सन जनरल मोटर्स सोडून फोर्डमध्ये गेले.

फोर्ड, आणि छोटासा गोळा

फोर्डची १९४९ ची मोठी नवी गाडी तोवर जवळजवळ ठरून गेली होती, तिच्यात स्ट्रटला जागा नव्हती. म्हणून स्ट्रट पहिल्यांदा गाजला तो अमेरिकेत नाही, इंग्लंडमध्ये. १९५० च्या लंडन मोटर शोमध्ये ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सुल आणि झेफिर या गाड्या आल्या, पुढे मॅकफर्सन स्ट्रट घेऊन. तिथून तो युरोप, जपान आणि मारुतीच्या वाटेनं आपल्या दारात आला. पेटंटची गंमत तर बघाच. जनरल मोटर्समध्ये असताना मार्च १९४७ मध्ये केलेला अर्ज मंजूर झाला जानेवारी १९५३ मध्ये. तेव्हा पेटंटवर नाव मॅकफर्सन यांचं, मालकी जनरल मोटर्सची, आणि स्वतः मॅकफर्सन फोर्डचे इंजिनिअरिंगचे व्हाइस प्रेसिडेंट!

आता पिकअपशी नातं जुळतं ते इथे. मोठ्या, जड अमेरिकन गाड्यांना दोन आर्मची जुनी व्यवस्थाच ठेवायची होती. एक आर्म वर, एक खाली. पण मधली किंगपिन काढता येईल का? १९५२ च्या लिंकनमध्ये ती काढली, आणि अमेरिकन कारखान्यातून आलेली बॉल जॉइंटवाली ही पहिली प्रॉडक्शन कार म्हणून ओळखली जाते. लिंकन फोर्डचीच. १९५४ मध्ये तेच तंत्र साध्या फोर्ड गाड्यांत आलं, तेव्हा इंजिनिअरिंगची सूत्रं मॅकफर्सन यांच्याकडे होती. बॉल जॉइंट हा त्यांचा शोध नाही, स्टिअरिंगच्या दांड्यांत तो पूर्वीपासून होता आणि युरोपात काही गाड्यांच्या सस्पेन्शनमध्येही. पण भाग कमी करायचा त्यांचा जो ध्यास होता त्यात तो नेमका बसतो.

आपल्या खुब्याचा सांधा कसा असतो? वाटीत गोळा. पाय पुढे-मागे होतो आणि फिरतोही. बॉल जॉइंट तसाच. वाटीत घट्ट बसलेला पोलादी गोळा, त्यातून निघालेली निमुळती दांडी, वर रबराचा बूट आणि आत ग्रीस. वळणं आणि वर-खाली होणं, दोन्ही हालचाली एकाच ठिकाणी. किंगपिन आणि तिच्या बुशांचं सगळं गणगोत जाऊन उरले चाकामागे दोन गोळे.

मॅकफर्सन १९५८ मध्ये निवृत्त झाले आणि १९६० मध्ये वारले. शेवरलेनं, म्हणजे त्यांची कॅडेट गुंडाळणाऱ्या त्याच कंपनीनं, १९६० च्या मॉडेलच्या पिकअपमधून पुढचा सरळ अॅक्सल काढला आणि टॉर्शन बार व बॉल जॉइंट असलेलं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. १९६३ पासून टॉर्शन बारच्या जागी कॉइल स्प्रिंग आली, बॉल जॉइंट राहिले. फोर्डच्या पिकअपनं मात्र १९६५ मध्ये स्वतंत्र सस्पेन्शन आणताना किंगपिनच ठेवली. मॅकफर्सन असते तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक.

वजन कुठल्या गोळ्यावर?

भाग कमी केले की उरलेल्या भागांवर जबाबदारी वाढते. आमच्या गॅरेजवाल्याची चूक याच्याशी जोडलेली होती, म्हणून इथे जरा थांबतो.

तुमच्या हॅचबॅकमध्ये गाडीचं वजन स्प्रिंगवरून स्ट्रटमध्ये आणि तिथून थेट चाकात जातं. खालचा बॉल जॉइंट फक्त चाकाला जागेवर धरून ठेवतो, त्याच्यावर गाडीचा भार नसतो. दोन आर्मवाल्या पिकअपचं तसं नाही. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार ज्या आर्मला जोडलाय, त्या आर्मचा बॉल जॉइंट गाडीचं त्या बाजूचं सगळं वजन उचलतो. बहुतेक पिकअपमध्ये हा खालचा असतो. काही गाड्यांत स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते, तिथे वरचा. दुसरा जॉइंट मदतनीस.

आता भार उचलणारा जॉइंट तपासताना चॅसीखाली जॅक लावला तर काय होतं? चाक लोंबकळतं, पण टॉर्शन बार खालच्या आर्मला अजून दाबतच असतो. गोळा वाटीत ताणलेलाच राहतो. चाक हलवा, काहीही हलणार नाही. झिजलेला जॉइंट ठणठणीत वाटतो. आमचा असाच पास झाला होता. अशा गाडीत जॅक लावायचा तो खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ. मग स्प्रिंगचा जोर जॅक घेतो, जॉइंट मोकळा होतो. चाकाखाली पहार घालून हलकेच उचलायचं आणि गोळा वाटीत वर-खाली होतो का ते बघायचं. भार वरच्या आर्मवर असेल तर उलट, जॅक चॅसीखाली. किती प्ले चालतो हे मॉडेलगणिक बदलतं, सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच खरा धरा. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, जॅक स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा.

तुमचा मोबाईल इथे कामाला येतो. एकानं पहार हलवायची, दुसऱ्यानं टॉर्च लावून जॉइंटचा स्लो-मोशन व्हिडिओ काढायचा. डोळ्याला न दिसणारा एक-दोन मिलिमीटरचा खेळ व्हिडिओत स्पष्ट दिसतो. मी तो काकांना दाखवला तेव्हा त्यांनी डाव्या बाजूचा जॉइंटही त्याच दिवशी बदलायला सांगितला. त्याआधी, चांगला आहे तो कशाला काढायचा, म्हणून वाद घालत होते.

काही अमेरिकन पिकअपच्या खालच्या जॉइंटमध्ये झिजेची खूण आयतीच असते. ग्रीस निपल ज्या छोट्या गोल उंचवट्यात बसवलेला असतो तो नवा असताना बुडाच्या बाहेर थोडा आलेला दिसतो, सव्वा मिलिमीटरभर. गोळा झिजेल तसा तो आत जातो. पत्र्याशी सपाट झाला की जॉइंट बाद. हे बघताना मात्र गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही.

यापेक्षा सोप्या खुणाही असतात. टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेनं खाल्ला जाणं, सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे भटकणं, खड्ड्यात खडखड, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर. आमच्या गाडीत खडखड होतीच. आम्ही ती क्रेटची समजत होतो.

नवा घेताना

अपघातानंतर आळेफाट्याच्या एका वयस्कर मेकॅनिककडे गाडी टो करून नेली. त्यांनी तुटलेला जॉइंट हातात दिला. रबरी बूट फाटलेला, आत ग्रीसऐवजी तपकिरी चिखल. जॉइंट मरतो तो बहुतेक वेळा असाच. आधी बूट फाटतो, मग पाणी आणि धूळ आत जाते, मग गोळा आणि वाटी एकमेकांना खातात. काही जॉइंटमध्ये वजन गोळ्याला वाटीत दाबतं, काहींमध्ये बाहेर ओढतं. बाहेर ओढणारा झिजला की एक दिवस गोळा सरळ निघून येतो.

नवा घेताना दोन प्रकार समोर येतात. एक सीलबंद, ज्याला ग्रीस मारताच येत नाही, बॅटरी न निघणाऱ्या फोनसारखा. चांगल्या कंपनीचा असेल तर वर्षानुवर्षं चालतो, पण बूट फाटला की खेळ संपला. दुसरा ग्रीस निपलवाला. माझं मत विचाराल तर शेतरस्त्यावर, चिखलात फिरणाऱ्या जुन्या पिकअपला निपलवालाच घ्या, पण ग्रीस मारणार असाल तरच. निपल असून ग्रीस न मारलेला जॉइंट हा दोन्हीकडचा तोटा. प्रत्येक ऑइल बदलताना निपल आधी पुसायचा, मग सस्पेन्शनला चालणारं लिथियम ग्रीस हळूहळू भरायचं, बूट किंचित फुगेपर्यंत. जोरात पंप मारून बूट फोडणारेही मी पाहिलेत.

दुकानात जुना जॉइंट घेऊनच जा. जुन्या भागावरच्या पार्ट नंबरचा फोटो काढून ठेवा. निमुळत्या दांडीचा उतार, लांबी आणि बाहेरचा व्यास जुळला पाहिजे, नुसतं ‘बसतंय ना’ एवढ्यावर घेऊ नका. बॉक्सवर कंपनीचा क्यूआर कोड असेल तर तिथेच स्कॅन करा, नकली माल ब्रँडच्या डब्यातही मिळतो. ज्या जॉइंटवर गाडीचं वजन आहे त्यावर दोन-तीनशे रुपये वाचवू नका, ते आम्ही क्रेटच्या नुकसानीत भरून काढले.

बसवताना मी मेकॅनिकमामांच्या शेजारी बसून बघितलं. काही जॉइंट आर्ममध्ये प्रेसनं बसवतात, काही बोल्टनं. काही जुन्या पिकअपच्या वरच्या जॉइंटला कारखान्यातून रिव्हेट असतात, ती फोडून नवा बोल्टनं लावतात. प्रेसवाला जॉइंट हातोड्यानं ठोकायचा नाही, वाटी वाकते. जुना जॉइंट सोडवायला दोन दाती फाळ मारला तर बूट फाटतो, म्हणून जो परत वापरायचाय त्याला फाळ लावायचा नाही. नट टॉर्क रेंचनं कसला. स्प्लिट पिनचं भोक जुळेना, तर मामांनी नट थोडा आणखी पुढे कसला. ढिला करून भोक जुळवायचं नसतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पिन नवी. शेवटी व्हील अलाइनमेंट, कारण जॉइंट बदलला की चाकाचा कोन बदलतोच.

काम संपल्यावर मी मामांना मॅकफर्सन यांचं नाव सांगितलं. तीस वर्षं त्यांनी स्ट्रट उघडलेत, पण हे कुणा माणसाचं नाव आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना ते कंपनीचं नाव वाटायचं. मग त्यांनी विचारलं, तो माणूस पिकअप चालवायचा का? ते काही मला सांगता आलं नाही. काकांनी तुटलेला गोळा डॅशबोर्डवर ठेवलाय, आणि आता पिकअप गॅरेजला गेली की ते स्वतः खाली वाकून जॅक कुठे लावलाय ते बघतात.